वॉलआयचे क्रँकबेट पंचगंगेवर: फेकायला कुठले, ओढायला कुठले

आधी निकाल सांगून टाकतो, मग वाचायचं तर वाचा. क्रँकबेट म्हंजे गळ लावलेला नकली मासा, ओढला की हलत पोहतो, आणि लिप म्हंजे त्याच्या तोंडापुढची पट्टी, ती त्याला खाली नेते. काठावर उभं राहून गळ फेकणार असाल तर लांब लिपचे, डबीवर वीस-तीस फूट खोली लिहिलेले क्रँकबेट घेऊ नका, कितीही भारी दिसू देत. ते बोटीमागं ओढायला बनवलेत आणि आपल्याकडं बोट नाही. पैसे घालायचेच असतील तर सात सेंटीमीटरचा शॅड, म्हंजे बारक्या चपट्या माशाच्या आकाराचा, एक आणि बिनलिपचा जड रॅटलिंग, म्हंजे आत छर्रे खुळखुळणारा, एक, एवढ्यावर कोल्हापूरच्या आसपासचं बरंचसं पाणी निघतंय.

आता हा वॉलआय काय प्रकार ते थोडक्यात सांगतो कारण सगळा घोळ तिथनंच सुरू होतो. अमेरिका-कॅनडातला गोड्या पाण्यातला शिकारी मासा, मिनेसोटा राज्याचा तर 1965 पासून राज्यमासाच आहे. डोळ्यामागं उजेड परतवणारा पडदा असतो त्यामुळं अंधूक उजेडात त्याला चांगलं दिसतं आणि बारकी मासळी आंधळी असते तेव्हा हा जेवतो, म्हंजे दिवस मावळताना, रात्री, नाहीतर ढगाळ वाऱ्याच्या दिवशी. आपला शिवडा आठवला का? मासा वेगळा, घराणं वेगळं, पण हाही गढूळ पाण्यात, तिन्हीसांजेला तोंड वासून फिरणाराच. म्हणून आमचे दाजी, जे मिनेसोटात असतात आणि तिथं उन्हाळाभर वॉलआयच्या मागं असतात, ते सुट्टीला येताना अख्खा डबा घेऊन आले आणि म्हणाले पाव्हणं, तिकडं चालतंय तर इकडं का नाही चालणार. डब्यात रॅपाला कंपनीचा शॅड रॅप, हस्की जर्क, डीप टेल डान्सर, रॅटलिन, बर्कली कंपनीचा फ्लिकर शॅड, आणि शिवाय मी इथल्या एका दुकानातनं घेतलेले बिननावाचे स्वस्तातले होतेच. ते सगळे पावसाळा ओसरल्यापासून उन्हाळ्यापर्यंत वापरून झाले, त्याचा हा हिशोब.

पहिल्यांदा डबीवरच्या आकड्याचं. फूट म्हटलं की कोल्हापूरच्या माणसाला पंचगंगेचा पूर मोजायचा राजाराम बंधारा आठवतो, 39 ला इशारा आणि 43 ला धोका, हे शाळेतलं पोरगं पण सांगतंय. पण तिथला फूट हा फूटपट्टीवर दिसतो, क्रँकबेटच्या डबीवरचा दिसत नाही, आणि तो कुठल्या परिस्थितीत मोजलाय हे बऱ्याच डब्यांवर लिहिलेलंच नसतं. वॉलआयवाले लोक ट्रोलिंग करतात म्हंजे बोट हळू चालवायची, ताशी दीड ते अडीच मैल, आपल्या हिशोबानं अडीच ते चार किलोमीटर, माणूस रमतगमत चालतो तेवढी, आणि मागं शंभर-दीडशे फूट लाईन सोडून क्रँकबेट ओढायचा. तो एकदा खोलीला गेला की मग तासभर तिथंच पोहत राहतो. लाईन किती सोडली हे मोजणारं मीटरच असतं रीलवर, त्यामुळं मासा लागला की परत तेवढीच लाईन सोडली की परत तीच खोली. प्लेनर बोर्ड नावाच्या फळ्या लावून चार-सहा लाईनी बोटीच्या दोन्ही बाजूला लांब पसरवतात म्हंजे एका फेरीत रस्ताभर पाणी विंचरून काढतात. आणखी खाली न्यायचं असेल तर आत शिशाची तार असलेली लाईन वापरतात, तिचा रंग दर तीस फुटाला बदलतो, किती रंग पाण्यात गेले ते मोजायचं. लेक ईरीसारख्या समुद्रागत पाण्यात हेच चालतं कारण मासा तिथं मधल्या थरात मोकळ्यावर फिरत असतो, त्याला आधी शोधायलाच लागतो.

फेकण्यात यातलं काहीच होत नाही. तुम्ही पंचवीस-तीस मीटर फेकला, तो पडल्या जागेपासनं तिरका खाली जायला लागतो, मधे कुठंतरी सगळ्यात खाली पोचतो आणि लगेच लाईनचा कोन उभा होत येतो तसा वर यायला लागतो. खोलीवर तो काही क्षणच असतो. त्यात तुम्ही बंधाऱ्याच्या भिंतीवर पाण्यापासून दहा फूट उंच उभे आणि रॉडचं टोक वर, म्हंजे अजून कमी. रॉडचं टोक खाली पाण्याकडं धरा, जमलं तर खाली उतरून काठावरनं फेका, फरक हाताला कळतोय. दुसरी गोष्ट लाईनची जाडी. जाड लाईनला पाणी धरतं आणि ती क्रँकबेटला वर उचलून धरते, बारीक लाईनवर तोच क्रँकबेट खोल जातो. आपल्याकडं मासा मोठा लागला तर म्हणून जाडजूड मोनो, म्हंजे साधी एकेरी नायलॉनची लाईन, भरून ठेवायची सवय आहे, त्यावर सात सेंटीमीटरचा शॅड म्हंजे वरच्या वर तरंगत येणार आणि मग लोक म्हणणार ह्यात काय दम नाही. दहा पौंडाची ब्रेड म्हंजे विणलेली लाईन आणि पुढं हातभर लीडर म्हंजे घासणं सोसणारा वेगळा तुकडा, बास. शिवड्याचे बारीक दात लीडरला घासतात तेव्हा प्रत्येक माशानंतर लीडरवरनं हाताचं बोट फिरवून बघायचं, खरखरीत लागलं की तेवढा तुकडा कापून परत गाठ. बारीक वायर लीडर लावता येतो पण त्यानं छोट्या क्रँकबेटची चाल मारते, मोठ्यालाच लावा.

आता एकेक.

शॅड रॅप. 1982 सालापासनं बाजारात असलेला, बाल्सा लाकडाचा, रॅपालाचा. सात नंबरचा वजनाला आठ ग्राम, कंपनी पाच ते अकरा फूट सांगते. चालीला याच्यासारखा दुसरा नाही, हे दाजींचंही मत आणि माझंही. हळू ओढला तरी शेपटाकडनं हलतो, घुमत नाही, आवाज करत नाही, आणि हिवाळ्यात नितळ पाण्यात मासा सुस्त असतो तेव्हा हीच चाल लागते. बाल्सा हलकं असतं म्हणून तो वाऱ्यावर फेकायला अवघड, रील रॉडच्या वर बसते त्या जड बेटकास्टिंग सेटवर तर नकोच, गुंता होणार. साडेसहा-सात फुटी मिडियम लाईट स्पिनिंग रॉड, म्हंजे रील खाली लटकणारा हलका, पाहिजे. आणि बाल्सा दगडावर आपटायचं नसतं. बंधाऱ्याच्या भिंतीवर मागं जाऊन आपटला की लिप हलते आणि मग तो क्रँकबेट राहत नाही, शोपीस राहतो. किंमत इथं पोचेपर्यंत सातशे-आठशेच्या घरात जाते, अंगावर येते, पण एक तरी ठेवा.

फ्लिकर शॅड. दिसायला शॅड रॅपचा चुलतभाऊ, पण प्लॅस्टिकचा, आणि पोटात खुळखुळा. वॉलआयच्या ट्रोलिंगवाल्यांचा हा घरचा, दाजींच्या डब्यात याचेच रंग सगळ्यात जास्त होते. माझ्या मते मात्र हा ट्रोलिंगइतकाच फेकायलाही चालतो, आणि काठावरच्या माणसाला शॅड रॅपपेक्षा हा जास्त पैसे वसूल करून देतो कारण आपटला तरी बिघडत नाही, वाऱ्यात सरळ जातो आणि गढूळ पाण्यात आवाजावर मासा येतो. पंचगंगेचं पाणी वर्षातले किती महिने नितळ असतं ते तुम्हाला माहितीच आहे. शिंगणापूरच्या वरच्या अंगाला, बंधाऱ्याला बर्गे, म्हंजे पाणी अडवायच्या फळ्या, घातल्यावर जिथं पाणी तुंबतं तिथल्या कडेकडेनं हा फिरवला, दगडाला टेकला की थांबायचं, तो तरंगत वर येतो, परत ओढायचं. टेकून सुटतो त्या क्षणाला धक्का बसतो, नेमक्या त्याच क्षणाला. सलग ओढत राहिलं की तेवढा लागत नाही.

हे टेकवणं महत्त्वाचं आहे म्हणून दोन ओळी जास्त. लिपवाल्या क्रँकबेटची लिप आधी दगडाला लागते, गळ मागं राहतात, त्यामुळं तो उडी मारून पुढं जातो. लोकांना वाटतं अडकायची भीती म्हणून दगडात क्रँकबेट नको. उलट आहे. अडकतो तो बिनलिपचा, तो नाक खाली घालून सरळ फटीत शिरतो. आणि अडकलाच तर ओढू नका, लाईन ढिली सोडा, तरंगणारा असेल तर बऱ्याच वेळा आपला आपण उलटा सुटून येतो. बंधाऱ्याखाली जाळ्यांचे तुकडे आणि बाभळीच्या फांद्या असतात, तिथं मात्र देव पण वाचवत नाही.

हस्की जर्क, बारा नंबर. लांबट, चार ते आठ फूट जाणारा, आणि याची खासियत ही की ओढायचं थांबलं की न बुडता न तरंगता पाण्यात लटकून राहतो. मिनेसोटात वसंतात गार पाण्यात याच्यावर लोक जीव टाकतात, दोन झटके द्यायचे आणि थांबायचं, थांबला की वॉलआय येतो. इथं गंमत वेगळी झाली. गार पाणी जड असतं आणि कोमट पाणी हलकं, त्यामुळं तिकडं लटकणारा क्रँकबेट आपल्या एप्रिलच्या पाण्यात हळूहळू खाली बसायला लागतो. काठाजवळच्या नितळ पाण्यात सोडून बघितला, डोळ्यासमोर शेपटीकडनं कलत कलत गेला खाली. यात वाईट काही नाही, उलट कळंबा तलावासारख्या ठिकाणी हळू बुडणारा बरा पडतो, फक्त पाकिटावर सस्पेंडिंग लिहिलंय म्हणून थांबून चहा पित बसू नका, तळाच्या गाळात जाऊन बसेल. पुढचा गळ एक नंबर बारीक लावला की वजन थोडं उतरतं. तिकडं उलटं करतात, तरंगायला लागला की वजनाची चिकटपट्टी पोटाला लावतात.

डीप टेल डान्सर. लिप बघूनच कळतं, अंगाच्या निम्म्याएवढी. मोठा नंबर तीस फुटापर्यंत जातो म्हणतात, आणि जातोही, पण कधी, तर मागं लांब लाईन सोडून ओढल्यावर. काठावरनं फेकून रील फिरवली तर भरलेली घागर विहिरीतनं ओढल्यासारखं मनगटाला येतं आणि पाच-सहा फुटात गाळ उकरत येतो. मासा लागायच्या आधी माणूस दमतो. क्रँकबेट वाईट नाही, जागा चुकीची.

पण हाच डान्सर दूधगंगेच्या पाणलोटात वेगळा वागला. तिथं मासेमारी सोसायटीकडं असते, विचारून, परवानगी घेऊन गेलो होतो. एक मामा थर्माकोलचा तराफा वल्हवत जाळी बघायला निघाले होते, त्यांना म्हटलं मामा, हे मागं सोडून बसतो, तुम्ही तुमचं काम करा. तराफ्याचा वेग म्हंजे बरोबर चालण्याचा वेग, जे अमेरिकेत हजारो डॉलरच्या मोटरीवर काटा बघून साधतात ते मामांनी वल्ह्यावर साधलं. दोन बाजूंना दोन लाईनी सोडल्या, रॉडचं टोक एका ठेक्यात थडथडायला लागलं, आणि हा ठेका हीच ट्रोलिंगची सगळी विद्या आहे, तो चालू आहे तोपर्यंत क्रँकबेट नीट पोहतोय, बंद पडला की पाला लागलाय, परत ओढून साफ करा. मधेच ठेका तुटून टक-टक असं लागायला लागलं तेव्हा मामा मागं न बघता म्हणाले, खाली जुन्या झाडांची खोडं हायती. आणि वळणावर, तराफा फिरला की बाहेरच्या बाजूची लाईन जोरात आणि आतल्या बाजूची हळू चालते, तिथं आतल्या लाईनीला शिवडा लागला. मामांनी बघितला, क्रँकबेट हातात घेऊन उलटापालटा केला आणि किंमत विचारली. सांगितल्यावर हसले आणि म्हणाले एवढ्यात चार किलो मासा येतोय की.

वळणाची गोष्ट दाजींनी आधीच सांगून ठेवली होती. वळणावर बाहेरच्या लाईनीला लागला तर वेग वाढवा, आतल्याला लागला तर कमी करा, मासाच सांगतो काय पाहिजे. नुसतं सरळ चालत राहणाऱ्याला हे कधीच कळत नाही. त्यामुळं तराफा, कयाक, होडी काहीही मिळत असेल तर खोलवाले घ्या, आणि नसेल तर नाही. काहिलीत बसून ट्रोलिंग कोणी करू नये, गुऱ्हाळातली काहील महापुरात माणसं काढायला उपयोगी पडली असेल पण ती सरळ चालतच नाही, गोल फिरते, आणि हातात तीन काट्यांचे दोन गळ.

रॅटलिन, सात नंबर, सोळा ग्राम. बिनलिपचा, बुडणारा, डोक्यात छर्रे. कास्टिंगसाठी सगळ्या डब्यात एकच ठेवायला सांगितला तर मी हा ठेवेन. वाऱ्याविरुद्ध पण जातो, आणि खोली तुम्ही ठरवायची, पडल्यावर आकडे मोजायचे, साधारण सेकंदाला फूटभर खाली जातो असं धरायचं, पाच मोजून ओढा, सात मोजून ओढा, जिथं लागला तो आकडा लक्षात ठेवा. म्हंजे ट्रोलिंगवाल्यांच्या मीटरचं काम तोंडानं. राजाराम बंधाऱ्याच्या वर मोकळं खोल पाणी आहे तिथं हा एक नंबर. दगडात मात्र घालू नका, कारण वर सांगितलंय.

स्वस्तातले बिननावाचे. शे-दीडशेला एक, पाचाचं पाकीट घेतलं तर आणखी कमी. दुकान कुठलं ते सांगत नाही, बहुतेक सगळीकडं हाच माल आहे. रंग दिलखेचक, डोळे थ्री डी. पाण्यात घातल्यावर पाचातले काही सरळ पोहले, एक कुशीवर झोपला, एक गरागरा फिरला. लिप वाकडी चिकटवलेली असते, दुकानातच नाकासमोर धरून बघा, लिप आणि पाठ एका रेषेत पाहिजे. गळ मऊ, चांगला मासा लागला की सरळ होतात, आणि गळ अडकवायच्या रिंगा महिन्याभरात तांबूस. पण अंग वाईट नसतं. गळ आणि रिंगा बदलून घेतल्या तर यातला सरळ पोहणारा एखादा नग महागड्याच्या बरोबरीनं मासा देतो, हे महागड्याचे भक्त कबूल करणार नाहीत. नवीन माणसानं दगडातल्या जागा शिकायला हेच घ्यावेत, हरवले तर जीव जळत नाही.

वाकडा पोहणारा सरळ करता येतो, महागडा असो का स्वस्त. क्रँकबेटचं तोंड आपल्याकडं करून धरा, ओढताना तो डावीकडं पळत असेल तर नाकावरची लाईन बांधायची कडी पक्कडनं उजवीकडं वाकवा, अगदी केसभर, परत फेकून बघा. कडी वाकवायची, पिळायची नाही, पिळली की सैल होते. ट्रोलिंगला हे फेकण्यापेक्षा जास्त लागतं कारण थोडासा तिरका क्रँकबेट वेगात लगेच वर येतो आणि शेजारच्या लाईनीत गुंततो.

रंगाबद्दल लोक तासन्‌तास बोलतात, मी लवकर उरकतो. गढूळ पाण्यात हिरवा-पिवळा-भगवा, नितळ पाण्यात चंदेरी किंवा काळपट पाठीचा. तिकडं लेक ईरीवर पण साधारण हाच हिशोब असतो. वेगावर, खोलीवर आधी डोकं चालवा, रंग सगळ्यात शेवटी बदला.

मरळीसाठी यातलं काही घेऊ नका. मरळ जलपर्णीच्या कडेला, गवतात, आणि तिथं तीन काट्यांचे गळ फेकले की पहिल्याच फेकीत हिरवं जाळं घेऊन येणार, तिथं रबरी बेडूकच. आणि राधानगरी-दाजीपूरकडं अभयारण्याच्या हद्दीत रॉड बाहेर काढायचा नाही, तिथला नियम वेगळा आहे आणि तो असायलाच पाहिजे. पंचगंगेत उन्हाळ्यात पाण्याला वास यायला लागला, मासे वर येऊन तोंड मारायला लागले की मी घरी परत येतो, मेलेल्या पाण्यात क्रँकबेट फिरवण्यात काय मजा.

शेवटची खरेदी गळांची करा. सगळ्या क्रँकबेटचे तीन काट्यांचे गळ काढून मी मागं एकेक साधा गळ लावलाय, पुढचा काही ठिकाणी काढूनच टाकलाय. अडकणं निम्म्यावर आलं, शिवडा सोडताना पक्कड आत घालायला जागा मिळते, आणि रविवारी बंधाऱ्यावर मागं उभं राहून "काय लागलंय काय ओ" विचारणाऱ्यांची गर्दी असते त्यांच्या कानाला धोका कमी. फक्त वजन बदलतं म्हणून चाल परत तपासा, शॅड रॅपला तर नक्कीच, त्याला एक नंबर मोठा साधा गळ लावला की बरोबर येतो.